बेल बंद केली म्हणून टपाल थांबत नाही

वाचकाचं पत्र

ताई,
टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. नोकरी ३४ वर्षं, त्यातली बरीचशी सॉर्टिंगला गेली. राहतो निपाणीला. छंद एकच, जुनी पोस्टकार्डं, पाकिटं आणि त्यांच्यावरचे शिक्के. बेळगाव, शहापूर, निपाणी, चिकोडी, खानापूर, आपल्या भागातल्या ऑफिसांचे मिळतील तेवढे. पूर्वी सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरला जाऊन रद्दीवाल्याकडं बसायचो. चार वर्षांपूर्वी नातवानं लिलावाच्या दोन साइटवर खातं काढून दिलं आणि तेव्हापासून ईमेलचा नुसता पाऊस चाललाय. रोज ऐंशी-नव्वद तरी येतात. फोनवरची नोटिफिकेशन बंद केली, साइटवर जाऊनही बंद केली. मेलच्या खाली ‘अनसबस्क्राइब’ दिसेल तिथं दाबलं. फरक शून्य, उलट काही ठिकाणांहून वाढले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची आठवण देणारं बँकेचं मेल या गर्दीत दिसलंच नाही आणि पेन्शन अडकली. सूनबाई म्हणते, तो पत्ताच बंद करून टाका. सोबत फोनचे सात फोटो पाठवतोय. काय करू?
– एक शिक्केवेडा, निपाणी

काका,

पत्र वाचून आधी हसू आलं, रागावू नका. जन्मभर गावाचं टपाल लावलंत आणि आता स्वतःच्या पत्त्यावरचं आवरेना झालंय. पण खरं सांगते, हे काम माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त जमेल. मी गेली अठरा वर्षं बेळगावच्या अनगोळात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. ईमेलला वैतागलेली माणसं रोज बघते. त्यांना ‘पाठवणारा कोण, पत्ता कुणाचा, आलं कशामुळं’ हे तीन प्रश्न विचारायला शिकवताना माझा घसा बसतो. तुम्ही तर तेच करून पेन्शन मिळवलीत. पाकीट फोडायच्या आधी पाकीट वाचायचं, एवढंच करायचंय.

आधी सूनबाईंचं. त्यांचा वैताग कळतो, पण पत्ता बंद करू नका. बँक, पेन्शन, पॅन, गॅस, विमा, सगळं त्याच पत्त्याला बांधलेलं असणार. पत्ता बंद केला तर लिलाववाल्यांचं काही जात नाही, जातं ते तुमचं. उद्या कुठला पासवर्ड विसरलात तर नवा करायचं मेल कुठं येणार? घरात नको ती पत्रं येतात म्हणून आपण घर पाडत नाही. आणि नवीन पत्ता काढून तोच नंबर, तीच साइट, तेच शोध पुन्हा भरलेत, तर सहा महिन्यांत नव्या पत्त्याचीही हीच गत होते. मी होताना बघितलीय.

आता फोनवरची नोटिफिकेशन. दुसऱ्या फोटोत ती बंद केलेली दिसतात. (तुमच्या फोनची मांडणी कन्नडमध्ये आहे, ‘अधिसूचनेगळु’ असं वर लिहिलंय. कीबोर्ड मराठी, मेल इंग्लिश आणि मेनू कन्नड, आपल्याकडच्या निम्म्या फोनांची हीच कथा. दुकानदारानं जी भाषा लावून दिली ती आपण बदलत नाही. वाचायला अवघड जात असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मराठी करून घ्या, फुकट असतं.) तर ही जी नोटिफिकेशन तुम्ही बंद केलीत, ती म्हणजे दाराची बेल. बेलची वायर काढली म्हणून पोस्टमन यायचा थांबत नाही, तो दाराखालून सरकवून जातो. टपाल तेवढंच राहिलं, आल्याचं कळणं फक्त बंद झालं. आणि ते बँकेचंही कळणं बंद झालं. तुम्ही म्हणता बँकेचं मेल गर्दीत हरवलं. मला तसं वाटत नाही. गर्दी होतीच, पण बेल चालू असती तर निदान एकदा तरी वाजली असती. म्हणून ही बेल पुन्हा लावायचीय, मात्र सगळ्यांसाठी नाही. त्याचं खाली सांगते.

आता खरी गंमत चौथ्या फोटोत आहे. फोनचा फोटो दुसऱ्या फोननं काढलाय, त्यात तुमचा अंगठा आलाय, मागं भिंतीवरचं कॅलेंडर आलंय आणि टेबलावर एक पाव आण्याचं कार्डही अर्धं दिसतंय. पण मी बघितली ती मेलची दुसरी ओळ. पाठवणाऱ्याच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘प्रति’ असतं, त्याच्या शेजारच्या बाणाला बोट लावलं की पूर्ण पत्ता उघडतो. तुमच्याकडून तो चुकून उघडला गेलाय, आणि बरं झालं. पत्र ज्या पत्त्यावरून तुम्ही मला पाठवलंत, त्यात तुमच्या नावानंतर जन्मसाल आहे. फोटोतल्या मेलवर जो पत्ता आहे, त्यात साल नाही, ‘निपाणी’ आहे. म्हणजे पत्ते दोन आहेत.

मग मी पत्रावर दिलेल्या नंबरला फोन केला, आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, “तो थोरल्यानं काढून दिलेला जुना पत्ता, आता कोण वापरतंय तो.” काका, तुम्ही वापरत नसाल, साइट वापरते. झालं असं असणार, की पहिलं खातं त्या जुन्या पत्त्यावर निघालं. पुढं नातवानं नव्या पत्त्यावर दुसरं खातं काढलं आणि जाता जाता जुन्या पत्त्याचं टपाल नव्याकडं वळवून ठेवलं, काही महत्त्वाचं चुकू नये म्हणून. पोरानं चांगल्या मनानं केलं. तुमच्या भाषेत, रिडायरेक्शनचा अर्ज दिलेला आहे आणि तो अजून चालू आहे. तुम्ही साइटवर जाऊन नोटिफिकेशन बंद करता ती नव्या खात्यातली. जुनं खातं आपल्या जागी खुशाल आहे, रोज पत्रं टाकतंय, आणि ती वळून तुमच्याच दारात येतायत.

मला आलेल्या दहा तक्रारींतल्या चार-पाच तरी अशाच निघतात. ‘मी बंद केलं तरी येतंय’ असं कुणी म्हणालं की मी आधी ‘प्रति’ बघायला लावते. दुसऱ्याच्या घराचा नळ बंद करून आपल्या अंगणातलं पाणी थांबत नाही.

यावर उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. साइटवरून आधी बाहेर पडा, म्हणजे लॉगआउट. मग जुना पत्ता टाकून ‘पासवर्ड विसरलो’ दाबा. पासवर्ड बदलायचं मेल जुन्या पत्त्यावर जाईल आणि वळून तुमच्याकडं येईल. नवा पासवर्ड करून आत शिरा, नोटिफिकेशनच्या पानावर जाऊन तिथलं बंद करा. त्या खात्यावर जुन्या खरेदीच्या पावत्या असतील तर उतरवून घ्या आणि मगच ते खातं बंद करायचं की ठेवायचं ते ठरवा. हे सगळं व्हायच्या आधी जीमेलमधलं वळवणं काढू नका. आधी काढलंत तर पासवर्डचं मेल जुन्या पेटीत जाऊन बसेल, आणि त्या पेटीची किल्ली कुणाकडं आहे हे थोरल्यालाही आठवणार नाही. वळवण्याची सेटिंग फोनच्या ॲपमध्ये मिळत नाही, कॉम्प्युटरवर जीमेल उघडावं लागतं. म्हणून कुणी कितीही सांगितलं तरी फोनमध्ये शोधत बसू नका.

आता तिसरा फोटो. यात अकरा मेल दिसतात. सहा एकाच साइटची, आणि त्या सहांतली तीन एकाच पाकिटाबद्दल! विषयाची ओळही तीच, ‘तुमच्या शोधाशी जुळणारी नवी वस्तू’. तुम्हाला वाटलं असेल साइटचं डोकं फिरलंय. तिचं काही बिघडलेलं नाही, हा आपल्या गावाचा प्रताप आहे.

तुम्ही सेव्ह करून ठेवलेल्या शोधांची यादी पाचव्या फोटोत आहे. त्यात बेळगाव तीनदा आहे. एकदा शेवटी ‘जी-ए-यू-एम’ असलेलं जुनं स्पेलिंग, एकदा ‘व्ही-आय’वालं नवं, आणि एकदा मधला ‘ए’ गाळून लिहिलेलं. २०१४च्या १ नोव्हेंबरला कागदोपत्री नाव बदललं तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक फॉर्मवर हा गोंधळ आहे. बोलताना आपण काय म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको. पण विकणारे हुशार असतात. माल कुणाच्याही शोधात सापडावा म्हणून ते शीर्षकात जुनं-नवं दोन्ही नावं घालतात, कधी तिन्ही स्पेलिंगं. मग एक पाकीट तीन जाळ्यांत अडकतं आणि तुम्हाला तीन मेल येतात. निपाणीचंही तेच, एक ‘पी’ आणि दोन ‘पी’ असे दोन शोध आहेत. एकूण शोध मी मोजले, एकोणीस. त्यातल्या प्रत्येकासमोर ‘ताबडतोब कळवा’ असं लावलंय.

यात काय ठेवायचं हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तरी माझं मत सांगते. तुम्हाला जुने शिक्के हवेत. जुन्या शिक्क्यावर जुनंच स्पेलिंग असतं, आणि विकणारा शिक्का वाचून तेच टंकतो. तेव्हा बेळगावचा जुन्या स्पेलिंगचा एक शोध ठेवा, बाकी दोन उडवा. निपाणीला मात्र दोन्ही राहू देत, कारण जुन्या कागदांवर दोन्ही सापडतात हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. पण ‘ताबडतोब’ काढून ‘दिवसातून एकदा’ करा. म्हणजे दिवसभरात कितीही वस्तू येऊ देत, मेल एकच येईल, त्यात सगळ्यांची यादी. रोज संध्याकाळची एकच डिलिव्हरी समजा. एकोणीस शोध, कुठं तीन, कुठं सात मेल, यातूनच तुमच्या ऐंशीतले साठ तरी येत असणार.

खानापूरचं वेगळं दुखणं आहे. तुमच्या यादीत नुसतं ‘खानापूर’ आहे आणि सहाव्या फोटोत त्या शोधावर आलेल्या वस्तू बघितल्या तर निम्म्या विट्याकडच्या. सांगली जिल्ह्यातही खानापूर तालुका आहे, आपल्या जिल्ह्यातही आहे. साइटला काय कळणार! शहापूरचंही तसंच, आपल्या बेळगावचं शहापूर, ठाणे जिल्ह्यातलं शहापूर, यादगीरकडचं शहापूर. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे सूर्याला काजवा दाखवल्यासारखं आहे, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते: याच भानगडीवर उपाय म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, अर्धवट पत्ते, यातून सॉर्टरची सुटका व्हावी म्हणून सहा आकड्यांची ही पद्धत बसवली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले बडे अधिकारी, आणि संस्कृतचे कवीही. पिनचे पहिले दोन आकडे बघायचे, आपलं पत्र ५९वर, पलीकडं कोल्हापूरचं ४१वर. भाषेचा आणि नावाचा वाद पाकिटावर राहिला तरी आकडा बघून थैली बरोबर लागते.

अडचण एवढीच, की १९७२च्या आधीच्या पाकिटावर पिन नसतो, आणि तुम्हाला तर तीच पाकिटं हवीत. मग शोधात दुसरा शब्द जोडा. खानापूरबरोबर ‘बेळगाव’, जुन्या स्पेलिंगनं. शहापूरबरोबर ‘सांगली’, कारण बेळगावला चिकटून असलं तरी आपलं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि जुन्या कागदांवर तसंच लिहिलेलं सापडतं. बऱ्याच साइटवर नको असलेल्या शब्दाआधी वजाची खूण लावली की तो गाळला जातो. ‘खानापूर’ आणि पुढं वजा लावून ‘विटा’ असं करून बघा. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील जुन्या काडेपेट्या जमवतात, त्यांना या वजाच्या खुणेचा एवढा नाद लागलाय की बाजारात वांगीसुद्धा ‘वजा बिया’ मागतात म्हणे.

आता ‘अनसबस्क्राइब’. तुम्ही दाबलंत आणि उपयोग झाला नाही, त्याला तीन वेगळी कारणं आहेत.

पहिलं, ते बटण एकेका यादीचं असतं. ‘आठवड्याचं बातमीपत्र’ यातून नाव काढलंत तरी ‘शोध जुळला’वाली यादी वेगळी, ‘तुम्ही बघितलेल्या वस्तूची किंमत उतरली’वाली वेगळी. एका साइटच्या चार-पाच याद्या सहज असतात. म्हणून मेलच्या तळाशी दाबत बसण्यापेक्षा साइटवर आपल्या खात्यात जाऊन नोटिफिकेशनचं पान एकदाच नीट वाचावं, चष्मा लावून. तिथं एक खाचखळगा आहे. काही लिलावाच्या साइटवर तुम्ही बोली लावली की ती वस्तू आपोआप तुमच्या ‘लक्ष ठेवा’ यादीत जाते, आणि लिलाव संपला तरी तशाच दुसऱ्या वस्तू सुचवणारी मेल सुरू राहतात. असं आपोआप जोडणं बंद करायची खूण त्याच पानावर कुठंतरी असते. नसेल तर यादी महिन्यातून एकदा रिकामी करायची.

दुसरं, वेळ. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहूनं ठोक मेल पाठवणाऱ्यांवर नियम घातले. दिवसाला पाच हजारांवर मेल जीमेलच्या पत्त्यांना पाठवणाऱ्यानं जाहिरातीच्या मेलवर एका टिचकीत नाव काढायची सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं. ते बटण जीमेलमध्ये वरच, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसतं. म्हणजे मोठ्या साइटचं सोमवारी दाबलंत तर बुधवारपर्यंत वाट बघायची. मंगळवारी पुन्हा आलं म्हणून चिडून तीनदा दाबायचं नाही. जीमेलच्या डावीकडच्या तीन आडव्या रेघांना बोट लावलं तर ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ असंही एक पान आता मिळतं. तिथं कोण किती मेल पाठवतो याची यादी असते आणि समोरच नाव काढायचं बटण. साफसफाईला सुरुवात तिथून करा, मोठा आकडा वर.

तिसरं कारण मात्र गंभीर आहे, आणि त्याच्यामुळंच तुमची मेल वाढली असणार. सातव्या फोटोत ‘तुमचं पार्सल गोदामात अडकलं आहे, पत्ता अपुरा आहे, २४ तासांत दुरुस्त करा’ असं मेल आहे, वर आपल्या टपाल खात्याचं बोधचिन्ह. त्याच्याही तळाशी ‘अनसबस्क्राइब’ होतं आणि तुम्ही दाबलंत असं पत्रावरून दिसतं. काका, तुम्ही खात्यातले! अपुऱ्या पत्त्याच्या पार्सलचं खातं काय करतं हे तुम्हाला पाठ आहे. लिंक पाठवून पैसे मागत नाही. हे ठगांचं मेल आहे, असलेच मेसेज फोनवरही फिरतात. असल्या मेलवर ‘नको’ असं कळवणं म्हणजे बंद घराच्या आतून ‘घरात कुणी नाही’ असं ओरडण्यासारखं. पत्ता जिवंत आहे, माणूस वाचतो, बोटही लावतो, एवढं त्यांना कळलं की झालं. अशा मेलवर काहीही दाबायचं नाही, फक्त ‘स्पॅम’ म्हणून खूण करायची. तुम्ही नुसतं बटण दाबलंत, कार्डाचा नंबर किंवा ओटीपी कुठं भरला नाहीत असं फोनवर म्हणालात, तेव्हा घाबरू नका. भरला असेल आणि सुनेला सांगायला लाजत असाल, तर आजच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन करा. त्या बाबतीत एक-दोन तासांचाही फरक पडतो.

पण मग सगळ्यांवरच ‘स्पॅम’ दाबू का, असं तुम्ही विचाराल. नको. हे मी स्वतः केलंय. क्लासचं सामान मागवायच्या एका साइटच्या जाहिरातींना कंटाळून मी रागानं स्पॅम, स्पॅम करत सुटले होते. दोन महिन्यांनी तिथला पासवर्ड विसरले. नवा करायचं मेल काही येईना. चारदा मागवलं, त्यांच्या माणसाशी फोनवर भांडले. मेल येत होतं, मीच शिकवल्याप्रमाणं स्पॅमच्या पेटीत जाऊन बसत होतं. बिचारा तो माणूस शांतपणे म्हणाला, “मॅडम, स्पॅम चेक केला?” मी, कॉम्प्युटर शिकवणारी बाई! आणि स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतं, त्यामुळं पहिल्या रागातली एक पावती कायमची गेली. जिच्याशी व्यवहार आहे त्या साइटला स्पॅममध्ये टाकायचं नाही, नोटिफिकेशन कमी करायची.

एवढं केल्यावर जे उरेल ते लावायचं काम. इथं तुम्ही मला शिकवाल. तुमच्यासमोर खणांची चौकट असायची ना, एकेका खणावर गावाचं नाव? जीमेलमध्ये तो खण म्हणजे ‘लेबल’, आणि पत्र खणात आपोआप टाकणारा हात म्हणजे ‘फिल्टर’. हा हात फोनच्या ॲपमधून बसवता येत नाही, त्यालाही कॉम्प्युटर लागतो. लिलावाच्या साइटचं एक मेल उघडायचं, उजवीकडच्या तीन टिंबांवर टिचकी मारायची, ‘अशा मेलना फिल्टर लावा’ या अर्थाची ओळ निवडायची. पाठवणाऱ्याचा पत्ता आपोआप भरलेला येतो. पुढं दोन खुणा करायच्या, इनबॉक्समध्ये आणू नको आणि अमुक लेबल लाव. लेबलला नाव द्या ‘शिक्के’. खाली आणखी एक बारीक चौकोन असतो, आधी आलेल्या मेलनाही हेच लागू कर म्हणणारा. तो विसरलात तर जुना ढीग तसाच राहतो आणि तुम्ही मला फोन कराल की ताई, काही झालंच नाही.

दुसरा खण ‘पेन्शन’. त्यात बँक आणि खात्याकडून येणारं. याला इनबॉक्समधून हलवू नका, उलट ‘कधीच स्पॅममध्ये टाकू नको’ ही खूण करा. आणि आता बेल. फोनच्या जीमेलमध्ये सेटिंगमध्ये आपल्या पत्त्यावर जाऊन लेबलनुसार बेल लावता येते. फक्त ‘पेन्शन’ला लावा. ‘शिक्के’ला अजिबात नको. तो खण रात्री जेवण झाल्यावर निवांत उघडायचा.

अपवाद एकच. ‘तुमच्यापेक्षा जास्त बोली आली’ हे मेल बंद करू नका. तुम्ही ते सध्या बंद केलंय, पाचव्या फोटोत दिसतं, आणि त्याच वेळी ‘तुम्हाला हेही आवडेल’ चालू ठेवलंय. नेमकं उलटं! मला वाटतं, खाली खाली जाताना बोटाची चूक झाली. लिलाव हरल्यावर दोन दिवसांनी कळलं तर त्या बातमीचा काय उपयोग? या मेलसाठी वेगळं लेबल करून त्यालाही बेल लावा. बोली तुम्ही महिन्यातून दोनदाच लावता, त्यामुळं त्रास व्हायचा नाही.

जुन्या ढिगाचं काय करायचं? तो पुसायची घाई करू नका. जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी जागा फुकट असते आणि तुमची अजून भरलेली नाही. पुसायचाच झाला तर कॉम्प्युटरवर त्या साइटचा पत्ता शोधपट्टीत टाकून सगळे एकदम निवडता येतात. पान ५०चं असतं, म्हणून वर ‘शोधात आलेले सगळे निवडा’ अशी ओळ येते ती दाबायची, नाहीतर पन्नास-पन्नास करत वर्ष जाईल. पुसण्याआधी पावत्या बाजूला काढा. कुठलं पाकीट कुणाकडून कितीला घेतलं याची नोंद संग्रहाइतकीच जपायची असते. उद्या नातवाला ती पाकिटं विकायची झाली तर तोच कागद कामाला येईल. (विकणार नाही म्हणतो, हे तुम्ही फोनवर दोनदा सांगितलंत. बरं.)

वेळ किती लागेल म्हणाल तर एक दुपार. त्यातला निम्मा वेळ पासवर्ड आठवण्यात जाईल. निपाणीत कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसणार असाल तर काम झाल्यावर जीमेलमधून बाहेर पडायला विसरू नका, आणि ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ असं विचारलं तर नाही म्हणा. नातू पुण्याहून दिवाळीला येईल तेव्हा करू, असं नको. तोवर पुढचा नोव्हेंबर उजाडेल. त्यापेक्षा बेळगावला येणं झालं तर सकाळी अकरानंतर क्लासवर या, दोघं मिळून करू. थोरल्याकडून जुन्या पत्त्याचा पासवर्ड तेवढा मागून ठेवा, त्याला आठवत नसेल तर कुठल्या नंबरवर काढला होता ते तरी विचारा. फोनचा चार्जर आणा.

आणि ते टेबलावरचं पाव आण्याचं कार्डही आणा. चौथा फोटो मी मोठा करून दोनदा बघितला. शिक्क्याचा वरचा अर्धा भाग तुमच्या अंगठ्याखाली गेलाय, शेवटची तीन अक्षरं ‘पी-यू-आर’ अशी दिसतात. शहापूर की खानापूर, यावर माझी आणि क्लासमधल्या पोरांची पैज लागलीय.